तबकडीच्या शेवटच्या इंचात: महागडं कार्ट्रिज ऐकायचं कसं

ख्यालाची एलपी लावली की पहिली पाच-सात मिनिटं जवळपास कुठलंही कार्ट्रिज, म्हणजे टर्नटेबलच्या दांड्याच्या टोकाला बसणारा सुईचा भाग, गोडच वाजतं. विलंबित चाललेलं असतं, तंबोरे भरून आलेले असतात, गवई एकेक सूर सावकाश पुढे ठेवत असतो. परीक्षा होते ती बाजू संपायला तीन-चार मिनिटं उरल्यावर. द्रुत रंगात आलेली असते, पेटी गळ्यामागे धावत असते आणि सुई मधल्या लेबलाजवळ पोचलेली असते. तिथे एका कार्ट्रिजवर ‘सखी’मधला स फाटतो, पेटीच्या सुराला घोगरी किनार लागते, तानेचा नुसता गुंता होतो. दुसऱ्या कार्ट्रिजवर तीच तान दाणेदार ऐकू येते.

म्हणून कुणी ‘हे साठ हजारांचं आणि ते दोन लाखांचं, ऐकून सांग फरक काय’ म्हणत आलं, की मी सुई आधी शेवटच्या इंचावर ठेवतो. सुरुवातीच्या मिनिटांत जे फरक जाणवतात, त्यांतले बरेचसे कार्ट्रिजचे नसतातच. ते आवाज कमी-जास्त असल्याचे असतात, वायरीचे असतात, बसवताना झालेल्या चुकीचे असतात. हे जरा आगाऊपणाचं वाटेल. पुढे आकडे देतो, त्यावरून तुम्हीच ठरवा.

ही वस्तू करते काय

रेकॉर्डच्या एका बाजूवर एकच लांबलचक खाच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. खाचेच्या दोन भिंती ४५-४५ अंशांत कललेल्या असतात. एका भिंतीवर डावा चॅनेल कोरलेला, दुसरीवर उजवा. ही युक्ती ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरच्या १९३१ च्या पेटंटमध्ये आहे, पण स्टिरिओ रेकॉर्डी दुकानात यायला १९५८ उजाडलं.

खाचेत हिऱ्याचं टोक फिरतं. ते एका बारीक दांडीच्या टोकाला बसवलेलं असतं. तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. दांडीच्या दुसऱ्या टोकाला चुंबक असेल तर तो हलतो आणि शेजारच्या स्थिर कॉइलमध्ये वीज निर्माण होते. हे झालं मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम. याच्या उलट, चुंबक जागेवर आणि दांडीवर बसवलेली इवलीशी कॉइल हलणारी, असं केलं की मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी. एमएममधून ४-५ मिलिव्होल्ट मिळतात. बहुतेक एमसीमधून ०.२ ते ०.५, कारण हलती कॉइल हलकी ठेवायची तर वेढे थोडेच घालता येतात. एमएमची सुई झिजली की चिमटीत धरून ओढायची आणि नवी खोचायची. एमसीचं तसं नाही. ते पाठवून नवं टोक बसवून घ्यावं लागतं किंवा अख्खं बदलावं लागतं. महागड्या दुनियेत जवळजवळ सगळा बाजार एमसीचा आहे, त्यामुळे हे आधीच माहीत असलेलं बरं.

हालचाल किती बारीक? १० हजार हर्ट्झचा मध्यम जोराचा सूर खाचेत कोरलेला असेल, तर सुई जागेवरून एक मायक्रॉनसुद्धा हलत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केसच मुळी सत्तरएक मायक्रॉन जाड. एवढ्याशा थरथरीतून तंबोऱ्याची जवारी उभी राहते, हे इतक्या वर्षांनंतरही मला पुरतं पटत नाही.

शेवटचा इंच इतका अवघड का

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरही तेवढेच आणि आतही. पण बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. कडेला, मध्यापासून साधारण १४६ मिलिमीटरवर, खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलाजवळ, ६० मिलिमीटरवर, तोच वेग २१ सेंटिमीटर उरतो. म्हणजे १० हजार हर्ट्झची एक लाट कडेला ५१ मायक्रॉनांत ऐसपैस पसरते आणि आत २१ मायक्रॉनांत कोंबलेली असते. लाट अर्ध्याहून आखूड होते आणि तिचं वळण जवळपास सहापट तीव्र होतं. घाटातला रस्ता वर-वर जाताना जसा आखडत जातो, तसंच हे.

आता या वळणांत जाणारं टोक बघा. सगळ्यात साधं टोक शंकूच्या आकाराचं, टोकाशी १५ ते १८ मायक्रॉन त्रिज्येचं गोलसर. कडेला ते मजेत चालतं. आत मात्र जोरदार आवाजाच्या वळणात ते पुरतं शिरतच नाही, लाटेच्या माथ्यावरून माथ्यावर उड्या मारल्यासारखं जातं. ‘स’ फाटतो तो इथे. लंबगोल टोकाची, म्हणजे इलिप्टिकलची, कड साधारण ८ मायक्रॉनांची. ते पुष्कळ सुधारतं. त्यापुढच्या मायक्रोलाइन वगैरे आकारांत खाचेच्या दिशेने कड ३ मायक्रॉनांपर्यंत खाली येते, आणि उभ्या दिशेने मात्र टोक भिंतीला लांब रेघेसारखं टेकतं. त्यामुळे दाब पसरतो आणि झीजही कमी होते. ऑडिओ-टेक्निका ही जपानी कंपनी आपल्या सुयांचं आयुष्य देते ते बघा: शंकू ५०० तास, लंबगोल ३००, शिबाटा ८००, मायक्रोलाइन १०००.

शिबाटा हे नाव जपानच्या जेव्हीसी कंपनीतल्या नोरिओ शिबाटा यांच्यावरून आलंय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चार चॅनेलच्या रेकॉर्डी निघाल्या. त्यांत पुढच्या आणि मागच्या स्पीकरांचा आवाज वेगळा करणारी माहिती ३० हजार हर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवलेली असे. माणसाला ऐकूच न येणारा हा आवाज जुन्या सुयांना वाचता येईना, म्हणून नवा आकार शोधावा लागला. चार चॅनेलच्या रेकॉर्डी बुडाल्या, टोक मात्र राहिलं.

आपल्या ख्यालाच्या रेकॉर्डींची गोची इथेच आहे. पाश्चात्त्य गाण्यांच्या एलपीत बाजूच्या शेवटी एखादं शांत गाणं ठेवायची सोय असते, कारण क्रम हातात असतो. आपल्याकडे राग विलंबितातून द्रुतकडेच जाणार. जिथे खाच सगळ्यात आखडलेली, तिथेच तानांचा पाऊस. आणि पेटीच्या सुरात वरचे स्वर भरपूर असल्याने थोडी जरी विकृती झाली तरी ती लगेच उघडी पडते. मला विचाराल तर कार्ट्रिजच्या परीक्षेला पेटीइतकं नेमकं वाद्य दुसरं नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली. तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपण अभिमानाने सांगतो. तबकडीसोबत नासाने कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवली आहे, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. तिचा वेग आहे मिनिटाला १६⅔ फेरे, एलपीच्या निम्मा. लाटाही तितक्याच आखूड. म्हणजे वाजवणाऱ्याचं काम आणखी अवघड. उलट टोकाला, महागड्या पुनर्मुद्रणांत बारा इंची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांची काढतात, ती याच हिशेबाने. वेग ३५ टक्क्यांनी वाढला की लाटाही तेवढ्याच ऐसपैस होतात.

‘उघडलं काय रे, मोठं झालंय’

आमच्या शेजारचे काका पन्नास वर्षं पेटी वाजवतायत. हाय-फायचं त्यांना काही कौतुक नाही. एका रविवारी मित्राकडून उसनं आणलेलं महाग एमसी लावलं आणि त्यांना हाक मारली. आधी माझं नेहमीचं एमएम ऐकवलं, मग हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज धरणारं दांड्याचं टोक, बदलून एमसी.

“काका, कसं उघडलं बघा ना!”

काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. “उघडलं काय रे, मोठं झालंय. पहिलं तेवढंच मोठं कर बघू.”

केलं. निम्म्याहून जास्त फरक तिथेच नाहीसा झाला.

कान असाच आहे. दोन-तीन डेसिबलचा फरक ‘आवाज वाढला’ असा जाणवत नाही. ‘जास्त जिवंत’, ‘जास्त खोल’, ‘पडदा सरकला’ असा जाणवतो. आणि कार्ट्रिजं बदलताना हा फरक पडतोच पडतो. एक ५.५ मिलिव्होल्टचं आणि दुसरं ४ मिलिव्होल्टचं असलं, तरी २.८ डेसिबलचा फरक झाला. एमएमवरून एमसीवर जाताना तर फोनो प्रीअँपची, म्हणजे कार्ट्रिजचा इवलासा सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राची, सेटिंगच वेगळी असते, तिथे किती फरक पडेल ते त्या प्रीअँपच्या मर्जीवर.

उपाय सोपा आहे. चाचणीच्या रेकॉर्डी मिळतात, त्यांवर १००० हर्ट्झचा सलग सूर असतो. तो लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. दुसरं कार्ट्रिज लावल्यावर व्हॉल्यूम फिरवून तोच आकडा आणायचा. दोन टक्क्यांच्या आत जुळला की ०.२ डेसिबलच्या आत आलात, तेवढं पुरे. स्वस्त मीटर १००० हर्ट्झला अचूक आकडा देईलच असं नाही, पण तो दोन्ही वेळा सारखाच चुकतो, म्हणून चालतं. दोन्ही चॅनेलवर मोजा. दोहोंत एक-दीड डेसिबलचा फरक बऱ्यापैकी महागड्या कार्ट्रिजमध्येही निघतो, आणि मग गवई मध्यावर न बसता एका बाजूला सरकलेला वाटतो.

वायर आवाज बदलते, पण जादूने नाही

महागड्या वायरींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण टर्नटेबलपासून प्रीअँपपर्यंतची वायर हा अपवाद आहे, आणि त्याचं कारण चक्क शाळेच्या भौतिकशास्त्रात सापडतं.

एमएम कार्ट्रिजच्या कॉइलला हजारो वेढे असतात, म्हणून तिचं इंडक्टन्स मोठं, समजा ५०० मिलिहेन्री. वायरीची आणि प्रीअँपची मिळून कपॅसिटन्स समजा २०० पिकोफॅरड. ही जोडी साधारण १६ हजार हर्ट्झला घुमते. वायर लांब किंवा जाडजूड घेतली आणि कपॅसिटन्स ४०० झाली, की घुमण्याची जागा ११ हजारांवर उतरते. म्हणजे वरच्या सप्तकात एक उंचवटा येतो आणि त्यापुढे उतार सुरू होतो. ऐकणारा म्हणतो, ‘हे कार्ट्रिज जरा कर्कश आहे.’ दोष कार्ट्रिजचा नसतो. त्याच्या माहितीपत्रकात किती पिकोफॅरड हवेत ते छापलेलं असतं, ते बघून वायर आणि प्रीअँप निवडायचा. साध्या वायरीत मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धरा.

एमसीचं इंडक्टन्स नगण्य, त्यामुळे तिथे या कपॅसिटन्सची फिकीर नाही. तिथे खेळ चालतो तो ओहमचा. डेनॉनचं डीएल-१०३ घ्या, त्याचा आतला अवरोध ४० ओहम. प्रीअँपवर लोड, म्हणजे प्रीअँप कार्ट्रिजसमोर ठेवतो तो अवरोध, १०० ओहम ठेवला तर कार्ट्रिजच्या व्होल्टेजपैकी १४० भागांतले १०० भागच पुढे जातात. लोड १००० केला की १०४० तले १००० जातात. फरक २.६ डेसिबलचा! लोक नॉब फिरवून ‘१००० वर कसा मोकळा वाजतो’ म्हणतात. आवाज वाढलेला असतो, इतकंच. काकांना बोलवा.

एमसीचं व्होल्टेज वाढवायला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्यांसाठी इतकंच सांगतो: १ला १० असा ट्रान्सफॉर्मर असेल तर व्होल्टेज दसपट होतं आणि प्रीअँपचे ४७ हजार ओहम कार्ट्रिजला शंभराव्या हिश्श्याने, म्हणजे ४७० दिसतात. १ला ३० असेल तर जेमतेम ५२. ट्रान्सफॉर्मर बदलला की लोडही बदलला, हे विसरलात तर तुलना वाया गेली.

आर्मशी लग्न

दांडी ज्या रबरी चकतीवर तोललेली असते, तिचा लवचीकपणा म्हणजे कम्प्लायन्स. मऊ रबर आणि जड आर्म (कार्ट्रिज पेलणारा टर्नटेबलचा दांडा) अशी जोडी झाली की अख्खा आर्म झुल्यासारखा डोलतो. हिशेब असा: आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला कम्प्लायन्सच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्याने भागा. २० ग्रॅम आणि कम्प्लायन्स २० असेल तर ४०० चं वर्गमूळ २०, उत्तर साधारण ८ हर्ट्झ. हे चालेल. कम्प्लायन्स १२ असेल तर १० हर्ट्झ, उत्तम. ३५ असेल तर ६ हर्ट्झ. आणि वाकड्या रेकॉर्डीच्या लाटा नेमक्या त्याच्या आसपास येतात. मग वूफरचा पडदा उगीच आतबाहेर होत राहतो आणि गाणारा सूर धरून असताना त्यात बारीक थरथर येते. ८ ते १२ च्या दरम्यान बसलात की सुखी.

एक मेख आहे. जपानी कंपन्या कम्प्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजून छापतात, युरोपातल्या १० हर्ट्झला. १०० हर्ट्झचा आकडा हिशेबात घेताना साधारण दीड ते दोनपट करावा लागतो. डीएल-१०३ चा छापील आकडा ५ आहे. तो बघून घाबरायचं कारण नाही, पण हलका आर्म त्याला मानवत नाही हेही खरं.

आणि रबर म्हणजे रबरच. थंडीत ते ताठरतं, उन्हाळ्यात मऊ पडतं. मोजमापं विशीच्या जरा वरच्या तापमानाला केलेली असतात. मे महिन्यात नागपुरात पंख्याखाली एक कार्ट्रिज ऐकायचं आणि डिसेंबरात दुसरं ऐकून ‘हे जरा आखडूच आहे’ म्हणायचं, हा अन्याय झाला. दोन्ही एकाच संध्याकाळी ऐका.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर माहिती पुष्कळ आहे. सुई ठरलेल्या दोन ठिकाणी, एका प्रचलित पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर, खाचेला अगदी समांतर हवी. समोरून पाहिलं तर ताठ उभी हवी. त्यासाठी छोटा आरसा पुरतो. वजनकाटा स्वतःचा हवा. आणि एक कबुली: पहिल्या कार्ट्रिजची दांडी मी स्वतः कान साफ करायच्या कापसाच्या काडीने मोडली. सुई पुसताना कापसाचा धागा अडकला, मी हात मागे घेतला, दांडी कापसाबरोबर आली. तेव्हापासून मऊ ब्रश, तोही फक्त मागून पुढे.

मग पैसे जातात कुठे

दहा हजार डॉलरांच्या पुढची कार्ट्रिजं आहेत. त्या किमतीत नेमकं काय असतं?

एक, दांडी. स्वस्त कार्ट्रिजमध्ये ॲल्युमिनियमची नळी, महागात बोरॉन, माणिक, कधी चक्क हिऱ्याची. दांडी जितकी ताठ आणि हलकी, तितकी तिची स्वतःची घुमण्याची जागा ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर जाते. दोन, टोक. ॲल्युमिनियमवर चिकटवलेल्या धातूच्या खुंटीला हिऱ्याचा कण लावणं वेगळं आणि अख्खा बारीक हिरा दांडीत बसवणं वेगळं. दुसऱ्याचं वजन कमी भरतं. तीन, हाताचं काम. केसाहून बारीक तारेची कॉइल गुंडाळून ती दांडीशी अचूक जुळवणारी माणसं जगात मोजकीच आहेत, आणि त्यांच्या वेळेची किंमत आपण मोजतो. चार, नखरा. जपानच्या कोएत्सूची जेड, ऑनिक्स अशा दगडांत कोरलेल्या अंगाची कार्ट्रिजं प्रसिद्ध आहेत. दिसतात देखणी. दगडाने आवाज किती बदलतो यावर मी पैज लावणार नाही.

वेगळ्या वाटेने गेलेलीही आहेत. जपानच्याच डीएस ऑडिओने चुंबक-कॉइल सोडून प्रकाशाचा उपयोग केला. दांडीवरचा बारीक पडदा प्रकाश अडवतो आणि त्याच्या कमी-जास्त होण्यावरून सिग्नल तयार होतो. नेहमीचं कार्ट्रिज सुईच्या वेगाला दाद देतं, हे तिच्या जागेला. त्यामुळे नेहमीचा फोनो प्रीअँप चालत नाही, त्याची वेगळी पेटी लागते. साहजिकच ‘त्याच प्रीअँपवर दोन्ही लावून बघितली’ असं इथे म्हणताच येत नाही.

आणि माझ्या वरच्या सगळ्या व्याख्यानाला काळं फासणारं कार्ट्रिज म्हणजे पुन्हा तेच डीएल-१०३. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचकेच्या नभोवाणीसाठी ते घडवलं. साधं शंकूचं टोक, २.५ ग्रॅम दाब, ०.३ मिलिव्होल्ट. आजही बनतंय, आणि कैकपट महागड्या कार्ट्रिजांचे मालक ते एका हेडशेलमध्ये लावून ठेवतात. का? मधला पट्टा भरीव आहे, गळा पुढे येतो, आणि शंकूचं टोक बसवण्यातल्या चुका पोटात घालतं. तीन मायक्रॉनांच्या कडेचं टोक दोन अंशांनी तिरकं बसलं तर ते स्वतःचा सगळा फायदा घालवून बसतं. शंकूला कुठूनही बघा, गोलच. शेवटच्या इंचावर डीएल-१०३ हरतं. पण माणसं ते हरणं जाणूनबुजून पत्करतात, आणि भावगीतांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकताना मीही पत्करतो.

‘उबदार’, ‘विश्लेषक’, ‘हवेशीर’ हे जे शब्द फेकले जातात, त्यांमागे पुष्कळदा फ्रीक्वेन्सीचा साधा आलेख असतो. चार-पाच हजार हर्ट्झपासून पुढे हलका उतार असला की उबदार. दहा हजारांच्या वर चढ असला की तपशिलाने भरलेलं, हवेशीर. बऱ्याच एमसींना हा चढ असतोच. हे शब्द खोटे नाहीत. फक्त चढाला ‘जास्त माहिती’ समजू नये. मीठ जास्त पडलं म्हणून भाजी ताजी ठरत नाही.

माझी पद्धत

कार्ट्रिज बदलायला अर्धा तास लागला तर तुलना मोडीत निघाली. आवाजाची बारीक आठवण इतका वेळ टिकत नाही. म्हणून सुटी होणारी हेडशेलं असलेला आर्म घ्यायचा, दोन्ही कार्ट्रिजं आधीच बसवून, जुळवून ठेवायची. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक कार्ट्रिजवर तोच तुकडा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला संगणकावर उतरवायचा, दोन्हींची पातळी सॉफ्टवेअरने सारखी करायची आणि घरातल्या कुणाला तरी फाइलींची नावं बदलायला सांगायची. मग निवांत ऐकायचं. बायको फाइलींना मुद्दाम भाज्यांची नावं देते. ‘दोडका’ फार छान वाजला होता एकदा.

यात काय निघालं ते सांगतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत अंग एकच आणि सुया वेगवेगळ्या आहेत: शंकू, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाटा, शिवाय ७८ च्या रेकॉर्डींसाठी वेगळी. अंग तेच, कॉइल तीच, वायर तीच. बदलतं फक्त टोक. शिकायला याच्यासारखं साधन नाही. बाजूच्या सुरुवातीला शंकू आणि मायक्रोलाइन यांत मी अंदाजपंचे बोलत होतो. शेवटच्या तीन मिनिटांत एकदाही चुकलो नाही. त्यानंतर मायक्रोलाइन सुईचं हे एमएम आणि ते उसनं एमसी. इथे शेवटच्या इंचावरही अंतर बारीक होतं. एमसीवर तबल्याच्या चाटेचा ‘ना’ जास्त सुटा होता, तंबोऱ्याची जोडी गळ्यापासून जरा अलग बसत होती. होतं, पण वीसपट पैशांच्या मानाने थोडं. काका म्हणाले, “पेटी दोन्हीकडे खरी आहे,” आणि चहा मागितला.

रेकॉर्ड कुठली, यावरही निकाल फिरतो. आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ एलपी एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या खेळण्यांवर, जड दाबाच्या सिरॅमिक कार्ट्रिजने वाजून वाजून झिजलेल्या असतात. खाचेच्या भिंतीचा एक पट्टा खरवडलेला असतो. लांब रेघेचं टोक कधी कधी त्या पट्ट्याच्या बाहेरच्या, न झिजलेल्या भागाला टेकतं आणि मेलेली वाटणारी रेकॉर्ड बोलायला लागते. कधी उलटंही होतं: शंकूला जी घाण जाणवत नव्हती, ती सगळी वर येते. आणि रेकॉर्ड मोनो असेल तर प्रीअँपवरचं मोनोचं बटण दाबायला विसरू नका. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. बटण दाबलं की उभ्या हालचालीतली सगळी खरखर एकमेकींना मारून टाकते. हा फरक कुठल्याही दोन महागड्या कार्ट्रिजांतल्या फरकापेक्षा मोठा आहे, आणि फुकट आहे.

डेमोला जाताना स्वतःची रेकॉर्ड न्या. पाठ असलेली, फार झिजलेली नको, बाजू द्रुतने संपणारी. दुकानदार सुई पहिल्या खाचेवर ठेवेल. गिटारच्या चार तारा आणि एक खोल बाईचा आवाज असलेली त्याची ठेवणीतली रेकॉर्ड काढेल. ती ऐका, मान डोलवा. मग म्हणा, “आता ही माझी लावा. नाही, सुरुवातीपासून नको. शेवटी, लेबलाच्या जवळ.”